क्रमांक पाच कमी करण्याबाबत

विषय : घर क्रमांक २१७ मधील नोंद पूर्ववत करण्याबाबत.
संदर्भ : १) घरात एक जण जास्त भरत असल्याबद्दलचा माझा अर्ज. २) त्या अर्जावर झालेली तत्पर कार्यवाही.

महोदय,

पहिला अर्ज मीच केला होता आणि हा दुसराही मीच करतो आहे. छापील नमुन्यात ‘कारण’ या रकान्यासाठी दोन ओळी सोडलेल्या असतात. दोनच ओळी असाव्यात ही सूचना माझी होती; लोक फार लिहितात आणि ते कुणालातरी वाचावं लागतं, असं मी तेव्हा म्हटलं होतं. आज माझं कारण दोन ओळींत मावत नाही. म्हणून ही पुरवणी.

१

चौतीस वर्षं मी संख्या कार्यालयात होतो. मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तीन मिनिटं मागे पडतं, पण सरकारी असल्यामुळे आम्ही ते बरोबर धरतो.

रोज सकाळी सात वाजता मोजणीदार गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजवतो. घरातली माणसं बाहेरच्या खोलीत, जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर, दाराकडे तोंड करून उभी राहतात. आधी कुटुंबप्रमुख, मग बाकीचे. नजर दारावर. मान वळवली तर तो गुन्हा आहे. दाराला हाताएवढी झडप असते. मोजणीदार ती उचलतो, “मोजा” म्हणतो आणि कान लावतो. आपण ओळीने आकडे म्हणायचे. तो वहीत आकडा लिहितो आणि पुढच्या दाराशी जातो.

पूर्वी मोजणीदार आत येऊन बघत असत. पण दार उघडायचं म्हणजे या, बसा, चहा घ्या हे आलंच. कामाचा खोळंबा व्हायचा. मग कुणाच्यातरी लक्षात आलं की माणूस बघायची गरज नाही, ऐकला तरी पुरतो. तो कुणीतरी मी नव्हे. मी फक्त परिपत्रक टंकित केलं. नावं त्याआधीच बंद झाली होती. नाव लिहायला शाई लागते, वेळ लागतो, शिवाय एका नावाची दोन माणसं निघतात. एका घरात एका क्रमांकाची दोन माणसं निघत नाहीत, असं त्या परिपत्रकात लिहिलेलं होतं.

आमच्या घरात मी एक, मुलगा दोन, सूनबाई तीन, नात चार. पाचवी पट्टी आहे, पण ती रिकामी. माझी पत्नी होती तेव्हा ती दोन होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी सगळे एकेक पट्टी पुढे सरकले. त्या दिवशी ‘तीन’ म्हणताना सूनबाईला रडू आलं आणि वहीत शेरा पडला, ‘आवाज अस्पष्ट’.

नोंदीपेक्षा एक जरी कमी भरला, तर घर बंद. बंद म्हणजे काय हे मी लिहीत नाही. आमच्या गल्लीत सहा घरं बंद आहेत. त्यांच्या झडपांवर खिळे मारलेले आहेत. एक जास्त भरला, तर कुटुंबप्रमुखाने तीन दिवसांत अर्ज करायचा.

माझी नात सोळाला दोन महिने कमी होती. सोळा पूर्ण झाले की कालव्याच्या कामावर जावं लागतं, दहा वर्षांसाठी. आमच्या गल्लीतून अकरा मुलं गेली. सगळ्यांची पत्रं येतात. ‘प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी.’ नातीने एकदा चार घरांतली पत्रं मागून आणून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. चारही पत्रांतलं ‘काळजी’ एकाच हाताने काढलेलं होतं. तिला मी वकिलीणबाई म्हणायचो ते उगाच नाही.

“कुणी परत आलंय का, आजोबा?” तिने विचारलं.

“कालवा अजून पुरा झालेला नाही,” मी म्हणालो.

२

तो बुधवार होता. झडप उचलली गेली. “मोजा.”

“एक,” मी म्हणालो. “दोन,” मुलगा. “तीन,” सूनबाई. “चार,” नात. ती ‘चार’ नेहमी थोडं तक्रारीच्या सुरात म्हणायची, जणू कुणी चारवर अन्याय केला आहे.

“पाच.”

आवाज मोठा नव्हता. भीतिदायकही नव्हता. खिडकीमागून टोकन पुकारतात तसा कोरडा, कागदावरून वाचल्यासारखा.

बाहेर पेन्सिल थांबली.

आमच्या गल्लीचा मोजणीदार माझ्याच हाताखाली तयार झालेला. गल्ली त्याला ‘कान’ म्हणते. तो झडपेतून हळूच म्हणाला, “साहेब?”

“बोल.”

“किती झाले?”

“चार.”

“मलाही चारच ऐकू आले. कुणीतरी खोकलं असेल.”

“आमच्याकडे कुणाला खोकला नाही,” मी म्हणालो. चौतीस वर्षांची सवय. चुकीची माहिती कानावरून जाऊ देणं मला जमत नाही.

“असू द्या की, साहेब. एखादा खोकला असू द्या घरात. मी चार लिहितोय.” आणि झडप पडली.

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. संख्या कार्यालयात सगळ्यालाच क्रमांक असतो, भुतांना नव्हता. मी आधी नळ तपासले. मग भिंती ठोकून पाहिल्या. डावीकडची भिंत दोनशे सोळाची, ते घर पाच वर्षांपासून बंद. उजवीकडे जिना. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हीच दोनदा म्हणाला असाल. वय झालं.”

“मी दोनदा म्हणालो असतो तर दोनदा ‘एक’ म्हणालो असतो,” मी म्हणालो.

सूनबाई भांडी पुसत होती. ती म्हणाली, “मला तो आवाज ओळखीचा वाटला.”

“कुणाचा?”

“तेच आठवत नाही, मामंजी.”

गुरुवारी पुन्हा “पाच”. मोजणीदाराने काही विचारलं नाही, पेन्सिल थांबू दिली नाही. तो गेल्यावर मी वाकून पट्ट्या पाहिल्या. पाचवी पट्टी इतकी वर्षं कुणी वापरलेली नव्हती. तिच्यावर धुळीचा थर होता, सूनबाईची केरसुणी तिथवर पोचत नसे. आता तिच्यावर दोन पावलांएवढी जागा लख्ख झाली होती. ओली नव्हती. ठसा नव्हता. नुसती स्वच्छ होती, रोज कुणी उभं राहिल्यावर होते तशी.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, पण ती त्या आवाजाची नव्हती. मोजणीदाराची होती. माणसाला आधी सूट द्यावी आणि तो काय करतो ते बघावं, ही युक्ती त्याला मीच शिकवली होती. ‘एखादा खोकला असू द्या’ हे वाक्य मी मनात उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला त्यात सापळा दिसला. एखादा माणूस नुसता चांगला वागला असेल, ही शक्यता मी विचारात घेतली नाही. तशी शक्यता आमच्या कुठल्याच नमुन्यात नाही.

तीन दिवसांची मुदत शुक्रवारी संपत होती.

४

शुक्रवारी सकाळची मोजणी आटोपली आणि मी कार्यालयात गेलो. खिडकीत एक बाई होत्या. माझ्यानंतर लागलेल्या, मला ओळखत नव्हत्या. अर्जात ‘घरात प्रत्यक्ष भरणारी संख्या’ या पुढे मी ‘पाच’ लिहिलं आणि ‘कमी करावयाचा क्रमांक’ या पुढेही ‘पाच’ लिहिलं. मग जरा घुटमळलो.

“काय झालं, आजोबा?”

“हा पाचवा कोण, त्याचं काही वर्णन—”

“वर्णन लिहायचं नसतं. क्रमांक पुरतो.”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो. “ते मीच टंकित केलंय.”

त्यांनी शिक्का मारला, पोच फाडून दिली. पोच हातात आली की मला अजूनही बरं वाटतं. काहीतरी आपल्या डोक्यावरून उतरून दुसऱ्याच्या टेबलावर गेलं असं वाटतं. दुपारी मी घरी आलो तो जवळजवळ शीळ घालत.

नात स्वयंपाकघरात माझी वाट बघत होती. तिने नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

“आजोबा, ओरडणार नसाल तर एक सांगते.”

“मी कधी ओरडलोय?”

“तुम्ही ओरडत नाही, नियम सांगता. ते जास्त वाईट.” ती जवळ आली. “ती माझ्या बाजूला उभी असते. मी बघितलं नाही, पण त्या बाजूचा हात गार पडतो. ती मुलगी आहे.”

“हे तू कशावरून ठरवलंस?”

“माझ्याबरोबर श्वास घेते. मी थांबवला की थांबवते. ऐका ना. सोमवारी मी ‘चार’ म्हणणारच नाही. ती म्हणते का बघू. म्हणाली, तर मी मोकळी. पाण्याच्या टाकीमागून मागच्या महिन्यात दोघी जणी गेल्या. नदीपलीकडे पोचल्या, निरोप आलाय. बाकीच्या का थांबल्यात माहितेय? आपण गेलो की घर बंद होतं म्हणून. पण आपलं घर बंद होणार नाही, आजोबा. मी नसले तरी चार भरतील.”

तिचे डोळे असे चमकत होते की मला तिची आजी आठवली. पोच माझ्या हातातच होती. तिने ती घेतली, वाचली.

“हे रद्द होतं का?”

“अर्ज मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज असतो.”

“त्याला किती दिवस लागतात?”

“पंधरा.”

“आणि ह्याला?”

“आठ.”

नळाचं पाणी वाहत होतं. तिने तो बंद केला. आता घराची नोंद पाचावर गेली होती, ती मी नेऊन ठेवली होती. तो आवाज आणि ती, दोघींनीही हजर राहणं भाग होतं. ती निघून गेली असती तर एक कमी भरला असता. हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. म्हटलं ना, वकिलीणबाई.

“मोजणीदारकाका चार लिहीत होते,” ती एवढंच म्हणाली.

५

शनिवार-रविवार पाचही आकडे नेहमीसारखे झाले. सोमवारी मी “एक” म्हणालो. मुलगा, सूनबाई. आणि मग “चार.”

तक्रारीच्या सुरातलं चार. मी निर्धास्त झालो. मग लक्षात आलं की बाहेर पेन्सिल थांबली आहे, पाचाची वाट बघत, आणि खोलीत कुणी बोलत नाही.

“पाच,” नात म्हणाली.

मोजणीदार गेल्यावर आम्ही वळलो, तेव्हा ती पाचव्या पट्टीवर उभी होती.

“तू तिकडे का गेलीस?” सूनबाईने विचारलं.

“मी गेले नाही,” ती म्हणाली. “मी उभीच होते. तुम्ही सगळे पुढे सरकल्यासारखं झालं.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आजोबा, अर्जात माझं काही लिहिलंय का? मी कशी दिसते वगैरे?”

“क्रमांक लिहिलाय.”

“हं.”

त्यानंतर रोज तसंच. ती आधी चौथ्या पट्टीवर पाय रोवून उभी राहायची, घंटी वाजायची, आणि मोजणी संपायची तेव्हा ती पाचवर असायची. एकदा तिने आईबाबांच्याही आधी घाईघाईने ‘चार’ म्हणून पाहिलं. बाहेरून मोजणीदार म्हणाला, “क्रमाने मोजा.” त्याचा आवाज खरखरीत झाला होता. तो आता मला साहेब म्हणत नव्हता.

गुरुवारी मी गुन्हा केला. चौतीस वर्षांत आणि त्यानंतरही पहिल्यांदा. “तीन” म्हणून झालं आणि मी मान वळवली.

मला सूनबाई दिसली. तिची नजर दारावर होती, नियमाप्रमाणे. तिचा डावा हात बाजूला, जरासा खाली, आणि मूठ अर्धवट मिटलेली. त्या हाताच्या अंगठ्याने ती काहीतरी हळूहळू चोळत होती. नात लहान असताना मोजणीला घाबरायची, तेव्हा सूनबाई तिचा हात धरून असाच अंगठा फिरवायची. नात मात्र पलीकडे होती, पाचव्या पट्टीवर, दोन्ही हात स्वतःच्या छातीशी घट्ट बांधून.

मधे वेणी होती. खांदा होता. गणवेशाची कॉलर होती, इस्त्री केलेली. “चार,” असं म्हटलं गेलं तेव्हा ती वेणी हलली नाही. मग हनुवटी माझ्याकडे वळायला लागली, अगदी सावकाश, मान वळवायची सवय नसलेल्या माणसासारखी.

मी दाराकडे बघितलं. पुढचं मला माहीत नाही आणि मी माहिती करून घेतलेली नाही.

६

आठवा दिवस शनिवारी येत होता. शुक्रवारी संध्याकाळी मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं.

“उद्या मी शेवटी उभा राहणार,” मी म्हणालो. “मुलगा एक, सूनबाई दोन, नात तीन. ते जे काही आहे ते चार म्हणेल. मी पाच. ते क्रमांक पाच घेऊन जातील. माझं काय, घड्याळसुद्धा मिळून गेलंय.”

“बाबा, असं काय बोलता,” मुलगा म्हणाला. पण फार जोर लावून म्हणाला नाही. त्याला मी दोष देत नाही. त्याची ती एकुलती एक मुलगी.

आम्ही तालीम केली. मुलगा “एक” म्हणाला ते असं चोरट्यासारखं की नात हसली. “बाबा, एक म्हणजे घरातला मोठा माणूस. आजोबांसारखं म्हणा, शिक्का मारल्यासारखं.” त्याने पुन्हा म्हटलं. सूनबाई “दोन”. नात “तीन”. मग आम्ही थांबलो. तालमीला चार कुणी म्हणालं नाही. मी “पाच” म्हणालो. तोंडात तो आकडा दुसऱ्याची कवळी घातल्यासारखा लागला. म्हणून मी तो रात्री अंथरुणात आणि पहाटे दात घासताना म्हणत राहिलो. पाच. पाच. पाच.

सकाळी घंटी वाजली. मी शेवटच्या पट्टीवर होतो. बाहेर पावलं आज तिघांची वाजली. झडप उचलली गेली.

“मोजा.”

“एक,” मी म्हणालो.

मी म्हणालो असं लिहिणं नियमाला धरून आहे, पण खरं सांगायचं तर मी काही म्हणालो नाही. ‘मोजा’ ऐकलं आणि घशातून ते निघालं, शिक्का मारल्यासारखं, ओळीच्या भलत्याच टोकाकडून. इतकी वर्षं रोज तोच शब्द ऐकून तोच शब्द निघत आला आहे. मध्ये विचाराला जागा ठेवलेली नाही.

मुलगा थबकला. एकनंतर त्याला एकच आकडा माहीत होता. “दोन.”

“तीन,” सूनबाई म्हणाली, आणि तिचा आवाज अस्पष्ट होता.

“चार.”

उरला पाच. मी तोंड उघडलं. एकाच आवाजाने दोन क्रमांक म्हटले तर ती दुबार नोंद होते आणि घर बंद होतं, हे मला माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं होतं, एवढं कृपया नोंदवून घ्यावं. पण नातीने माझ्याआधी म्हटलं. तिलाही ते माहीत होतं.

“पाच.”

त्यात तक्रार अजिबात नव्हती.

दार उघडलं. मी ते दार मोजणीच्या वेळी उघडलेलं त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. दोन माणसं आत आली, सभ्य होती, पाय पुसून आली. मोजणीदार उंबऱ्याबाहेर वहीत तोंड खुपसून उभा राहिला. मोजणी संपल्याची घंटी झाल्याशिवाय आम्हाला मान वळवता येत नव्हती. नात माझ्या समोरून गेली तेवढीच मला दिसली. शाळेची चप्पल होती पायात.

“आजोबा,” ती दारातून म्हणाली, “पोच घ्यायला विसरू नका.”

पोच मला मिळाली. ‘क्रमांक पाच कमी केला. घरात शिल्लक चार.’

७

सोमवारी मी दुसरा अर्ज केला. खिडकीत त्याच बाई होत्या.

“घरात किती भरतात?”

“चार.”

“नोंदीत किती आहेत?”

“चार.”

“मग तक्रार काय आहे, आजोबा?”

मी म्हणालो की चौथी जी आहे ती आमची नाही. त्यांनी विचारलं, हे कशावरून? मी वर्णन करू लागलो. त्यांनी नमुना माझ्याकडे फिरवला आणि त्यात वर्णनाचा रकाना नाही हे बोटाने दाखवलं. उद्धटपणा नव्हता त्यात. मीही असंच दाखवत असे.

मी दर मंगळवारी चौकशीला जातो. मुलगा कामावरून येतो, जेवतो, झोपतो. सूनबाई सकाळी सात वाजता मात्र ताजीतवानी असते. पट्टीवर सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहते आणि हात जरासा बाजूला धरते. एकदा मोजणी झाल्यावर ती मला म्हणाली, “गार असतो हो तिचा हात. पण असतो.” कालव्याहून पत्र आलं आहे. प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी.

मोजणीदाराला एकदा मी झडपेतून विचारलं, “तेव्हा तू खरंच सूट देत होतास का रे?” तो बराच वेळ गेलाच नाही. मग म्हणाला, “साहेब, तो खोकला होता.”

परवा सकाळी मी गप्प राहिलो. ठरवून. एक कमी भरू दे, घर बंद होऊ दे, निदान तेवढ्यासाठी कुणीतरी आत येऊन बघेल, असा माझा हिशेब होता. तोंडात रुमाल कोंबला होता, म्हणजे घशाने पुन्हा घात करू नये.

“मोजा.”

“एक,” असं वेळेवर म्हटलं गेलं. माझ्याच पट्टीवरून, माझ्याच घोगऱ्या आवाजात, शिक्का मारल्यासारखं. मग दोन, तीन, चार. बाहेर पेन्सिल चालली आणि झडप पडली. रुमाल माझ्या तोंडातच होता, कोरडा. मी खाली पाहिलं तेव्हा मी पाचव्या पट्टीवर उभा होतो.

हेही अर्जात जोडावं म्हणून काल मी खिडकीवर गेलो. बाईंनी वही पाहिली. आवक क्रमांक पडलेला आहे, कागद वरच्या टेबलावर आहे, वरचं टेबल रजेवर आहे.

अर्ज प्रलंबित आहे.